हाताला जमेल तसे स्टेअरिंग

बैलबंडीला स्टेअरिंग नसते, तरी ती वळते. कशी वळते हे नीट पाहिले तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वाहनाचा ताबा कुणाकडे असे, या प्रश्नाचे जुने उत्तर सापडते. बंडीची दोन्ही चाके एका आखावर असली तरी आखाला जखडलेली नसतात. प्रत्येक चाक आपल्या गतीने फिरते, म्हणून वळणावर आतले चाक जवळजवळ थांबते आणि बाहेरचे मोठा फेर घेते. मोटारीत ज्या कामासाठी डिफरन्शियल बसवावा लागतो, ते काम इथे काहीही न बसवता होते. धुरा जुवाला बांधलेली, जू बैलांच्या मानेवर, आणि वेसणीपासून निघालेला कासरा धुरकऱ्याच्या हातात. डावा कासरा ताणला की डावा बैल दबतो, उजवा पुढे रेटतो आणि बंडी डावीकडे घसरत वळते. यातली एकही गोष्ट ठरीव मापाची नव्हती. कासरा हाकणाऱ्याच्या हाताच्या पोचेनुसार लांब-आखूड होई. जोडीतला एक बैल कमजोर असला तर जुवावरचे बांधणे मध्यापासून दुसऱ्या बैलाकडे सरकवीत, म्हणजे दुबळ्याच्या बाजूला जुवाची लांबी वाढे आणि त्याला कमी जोर लावावा लागे. वाहनाचे नियंत्रण बनवणाऱ्याकडे अर्धेच पुरे होई. उरलेले अर्धे वापरणाऱ्याच्या हातात, त्याच्या जनावरांवर आणि त्याच्या वाटेवर पुरे होई. माझे म्हणणे असे की, या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात ही रीत अपवाद नसून नियम होती. वाहन कारखान्यातून बाहेर पडले त्याच दिवशी ते कायमचे पूर्ण झाले, ही समजूत फार अलीकडची आहे. आणि विजेच्या मोटारीच्या स्टेअरिंगला हात लावायचा की नाही, हा आजचा प्रश्न त्या जुन्या रीतीकडे पाठ फिरवून सुटणार नाही.

बंडी कशाची बनते ते पाहिले की ही रीत कुठून आली ते समजते. झाडीपट्टीत लाकडाची निवड अवयवाप्रमाणे होई. आखाला आणि धुरेला चिवट धावडा, चाकाला तिवस, तुंब्याला बाभूळ, साटीला साग. एकाच गाडीत चार झाडे, आणि प्रत्येक झाड त्या त्या ठिकाणी पडणारा ताण ओळखून घेतलेले. सुतार आरे आणि पुठ्ठे जुळवी. लोहार लोखंडाची धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. उन्हाळ्यात लाकूड आकसले की धाव सैल पडे आणि चाक पुन्हा त्याच लोहाराकडे येई. म्हणजे दुरुस्ती हा निर्मितीचाच पुढचा भाग होता, आणि करणारा माणूस तोच, हाकेच्या अंतरावरचा.

यावर कुणी म्हणेल की हे स्वयंपूर्ण खेड्याचे जुनेच गोडवे आहेत. तसे नाही, आणि त्याचा पुरावा लोखंडातच आहे. चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, लोखंड एके काळी गावभट्ट्यांत गाळले जाई. लोहारा, देवलगाव इथल्या खनिजाच्या नोंदी इंग्रजांनी करून ठेवल्या. १८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या ऑस्ट्रियन धातुतज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावर अहवाल दिला. तो वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाचा कारखाना घोळू लागला. त्यांची पहिली नजर याच जिल्ह्यावर होती, पण वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही आणि कारखाना अखेर दूर साकचीला उभा राहिला. इकडे स्वस्त बाजारी लोखंडापुढे गावभट्ट्या विझल्या. पण लोहार उरला. पट्टी परक्या गिरणीतली, आणि ती चाकावर चढवणारा हात गावचा, अशी वाटणी झाली. मोटारीच्या काळातही ती फार बदलली नाही. भारतात ट्रक कित्येक दशके केबिनशिवाय विकला जाई: इंजिन, चासी आणि समोरचा पत्रा, एवढेच. चालक कुठे बसेल, किती उंचावर बसेल, त्याच्या पाठीला काय टेकेल, हे गावच्या किंवा शहरातल्या बॉडी बांधणाऱ्या सुतार-वेल्डरच्या हाती होते. आलापल्लीचा साग आणि १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याचा बांबू वाहणाऱ्या गाड्या याच पद्धतीच्या काळातल्या. हा काही चोरटा धंदा नव्हता. अर्धे वाहन कारखान्यात आणि अर्धे स्थानिक कार्यशाळेत, हीच देशाची अधिकृत पद्धत होती. बॉडीची राष्ट्रीय प्रमाणे आणि कारखान्यातून तयार येणाऱ्या केबिन ही गेल्या काही वर्षांतली गोष्ट आहे.

जुन्या रीतीचे दोष झाकण्यात अर्थ नाही. बंडीचे नियंत्रण वेदनेवरही चाले. वेसण, पराणी आणि तुतारी यांचे काम तेच. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, ज्याच्या निमित्ताने झाडीपट्टीत पाहुणे गोळा होतात आणि रात्री नाटके रंगतात, हा प्रश्न उघडा पडला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींवर बंदी घातली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांनी केलेल्या सुधारित कायद्यांना, म्हणजे अटींसह शर्यतीला, मान्यता दिली. सुतार-लोहारांचे काम वर्षाच्या धान्यावर बांधलेले होते आणि जातीतही बांधलेले होते. लोहाराच्या पोराला तो धंदा निवडायचा की सोडायचा हे विचारले जात नव्हते. शिवाय अरुंद लोखंडी धाव डांबरी रस्ता चिरते, हेही खरे. ती जातबांधणी आणि ती पराणी परत यावी असे कोणीही म्हणू नये. मी त्या रीतीतला एकच गुण वेगळा काढतो आहे. वाहनाच्या नियंत्रणाची शेवटची जुळणी वापरणाऱ्याच्या शरीरावर होत असे, आणि ती करणारा माणूस त्याच गावात तोंड दाखवायला बांधलेला असे. या गुणाला जातीची किंवा बैलाची गरज नाही. याचा पुरावा याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या माळावर आहे.

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि २१ जून १९५१ रोजी विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. सहा रुग्ण, चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि पन्नास एकर खडकाळ जमीन, हा आरंभ महाराष्ट्राला पाठ आहे. त्यातली एक बाजू मात्र कमी बोलली जाते: ती माणसे कुठल्या हातांनी विहीर खणत होती? कुष्ठरोगात कोपराजवळची मज्जा बाधली की करंगळी आणि अनामिका आखडतात, पुढे सारी बोटे नखीसारखी वळतात, अंगठ्याची पकड जाते. त्याहून घातक म्हणजे स्पर्शाची जाणीव जाते. ज्याला दुखत नाही तो कुदळीचा दांडा किती जोराने धरतो आहे हे त्याला कळत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, बोट झिजते. रोग बोट खात नाही, न जाणवलेली इजा खाते, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी त्याच काळात वेल्लोरला दाखवून दिले. ब्रँड आणि बाबा दोघेही १९१४ चे, हा योगायोग. ब्रँड यांनी शस्त्रक्रिया केल्या, पण त्यांचे तितकेच मोलाचे काम अवजारांवर झाले. दांडा जाड करा, कडा गोल करा, दाब एका टोकावर न पडता तळहातभर पसरेल असे पाहा. हाताने अवजाराशी जुळवून घ्यावे, ही जगाची रीत त्यांनी उलटी केली.

आनंदवनात ही उलटी रीत जगण्याचीच गरज होती. ज्या माणसांना गावाने बाहेर काढले त्यांच्या मापाचे अवजार बाजारात कुणी विकायला ठेवत नव्हते. तिथल्या शेतीत, यंत्रमागांवर, सुतारशाळेत आणि लोखंडी कामाच्या शेडमध्ये अधू हाताला जमेल अशी पकड तयार करणे हा रोजच्या कामाचा भाग झाला. अपंगांसाठी हाताने चालवायच्या तीनचाकी सायकली तिथल्या कार्यशाळेत बनू लागल्या, आणि त्या बनवणाऱ्यांत स्वतः रोगमुक्त झालेली माणसे होती. तीनचाकी सायकलीत पाय जे करत ते हात करतो आणि त्याच हाताने वळवायचेही असते. म्हणून कोणत्या हातात किती बळ उरले आहे हे पाहिल्याशिवाय ती बनवताच येत नाही. खुद्द बाबांचे उदाहरण तर साऱ्या देशाने पाहिले. मणक्याच्या विकाराने त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहणे किंवा आडवे होणे, दोनच स्थिती उरल्या होत्या. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकल यात्रा निघाली तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा आतून बदलून बिछाना बसवलेल्या गाडीत आडवे. गाडीत माणूस बसतो, हे गृहीतच त्या गाडीने बाजूला ठेवले होते.

या कामाच्या उलट बाजूला कायदा काय म्हणत होता, तेही पाहिले पाहिजे. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्यानुसार, सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात कुष्ठरुग्णाला रेल्वे सोडून भाड्याने चालणारे सार्वजनिक वाहन हाकायला आणि त्यात बसायलाही मनाई करता येत होती. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठरोगमुक्त व्यक्तीला दिव्यांगांच्या एकवीस प्रकारांत नावाने स्थान दिले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे कुष्ठरोगाचा भार आजही वाहणारे जिल्हे आहेत. इथे ‘वाहन कुणाच्या हातासाठी बनते’ हा प्रश्न पुस्तकी नाही.

मोटार वाहन कायद्याचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आहे. १९८८ च्या कायद्याने अपंगासाठीच्या वाहनाची जी व्याख्या केली ती वाचण्यासारखी आहे. असे वाहन खास रचलेले आणि बांधलेले असले पाहिजे. नेहमीचे वाहन नुसते जुळवून घेतलेले चालणार नाही, असे शब्द त्यात होते. म्हणजे कारखान्याने अपंगासाठी गाडी काढली तरच ती कायद्याला दिसे; अपंगाने बाजारातली गाडी स्वतःसाठी जुळवली तर दिसत नसे. कलम ५२ ने मालकाला उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळे पडेल असा बदल करण्यास मनाई केली, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई काटेकोरपणे लागू होते असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दोन गोष्टी एकदम केल्या. परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आणि ती जुनी व्याख्या जाऊन अपंग व्यक्तीसाठी जुळवून घेतलेल्या वाहनाची नवी व्याख्या आली, जिच्यात मंजुरी घेऊन बदललेली नेहमीची गाडीही बसते. ज्या शब्दांनी दार बंद होते तेच शब्द काढून दार उघडले गेले. माझ्या मते भारतीय वाहन कायद्याच्या इतिहासातली ही फार महत्त्वाची, आणि फार कमी लोकांना ठाऊक असलेली, घटना आहे.

वेगळ्या स्टेअरिंगला जागा करून देणे कायद्याला नवे नाही, हेही याच कायद्यात दिसते. कलम १२० डाव्या हाताच्या स्टेअरिंगविषयी आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे. तरीही एके काळी डाव्या स्टेअरिंगच्या जीपगाड्या, मागे तसे ठळक लिहिलेल्या, आपल्या रस्त्यांवर सर्रास धावत. डाव्या बाजूला बसलेल्या चालकाला हात बाहेर काढून मागच्याला इशारा देता येत नाही, हा त्यातला धोका. कायद्याने ती गाडी हद्दपार केली नाही. ठरवून दिलेल्या प्रकारचे, चालू स्थितीतले यांत्रिक किंवा विजेचे इशारा-साधन असेल तर चालवा, एवढीच अट घातली. धोका नेमका ओळखायचा आणि त्यावर नेमका इलाज मागायचा, ही पद्धत कलम १२० मध्ये आहे. कारखान्याच्या मूळ रूपावर बोट ठेवून नाही म्हणायचे, ही पद्धत कलम ५२ मध्ये आहे. दोन्ही एकाच कायद्यात राहतात. पुढे कोणती वाढवायची हा निवडीचा प्रश्न आहे, आणि विजेच्या मोटारीने ती निवड आता तातडीची केली आहे.

विजेच्या मोटारीत क्लच नाही, गिअर बदलणे नाही. एक पाय अधू असलेल्या माणसापुढचा सर्वांत मोठा अडथळा तिने मुळातच काढून टाकला. ॲक्सिलरेटर सोडला की मोटर स्वतः जनित्र होऊन गाडी मंदावते, म्हणून ब्रेकवरचा भारही कमी. वेग वाढवण्याची आज्ञा तारेतून जाणारा एक विद्युतसंकेत असतो, तो पायाने द्या की हाताच्या दांडीने. अशा गाडीत अधू शरीराला उरलेली अडचण जवळजवळ सारी हातापाशी गोळा होते: चाक धरणे, फिरवणे, आणि चाकाभोवतीच्या दांड्या-बटणे दाबणे. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४७ अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या गाडीचे स्टेअरिंग बधिर तळव्याला भाजते आणि तळव्याला ते कळत नाही. त्याला जाड सुती आवरण हवे. आखडलेल्या बोटांना गोल चाकाची कड धरवत नाही. तिथे मनगट अडकेल असा तीन खुंट्यांचा आकडा किंवा फिरती मूठ हवी. वळण्याचा इशारा देणारी दांडी चांगल्या हाताच्या बाजूला यायला हवी, किंवा तिला लांबी जोडायला हवी. यातला कुठलाही बदल जाड दांड्याच्या कुदळीहून तत्त्वाने वेगळा नाही.

मग अडचण कुठे आहे? गाडीच्या आत. विजेच्या मोटारीत स्टेअरिंग हलके करणारी मदत विजेच्या मोटरकडून मिळते. चाकाच्या दांड्यात एक पीळ मोजणारी सळई असते. चालकाने किती जोर लावला हे ती सांगते आणि संगणक त्या प्रमाणात मदत देतो. किती जोराला किती मदत, हा तक्ता संगणकात लिहिलेला असतो. दुबळ्या हातासाठी तो तक्ता बदलला तर अर्धा प्रश्न सुटतो, आणि नेमका तोच तक्ता मालकाला बंद असतो. बटणांचेही तसेच. जुन्या रचनेत स्टेअरिंगवरच्या प्रत्येक बटणाला वेगळा रोध जोडून सारे एका तारेवर आणलेले असत. डाग देण्याची कला असलेला कुणीही त्या तारेवर नवे, मोठे, सोयीच्या जागेचे बटण जोडू शकत असे. आता बटणे संगणकी भाषेत बोलतात आणि अनोळखी बटणाचे ऐकले जात नाही. कमजोर बैलासाठी बांधणे सरकवण्याची जी मुभा धुरकऱ्याला होती, तीच मुभा इथे तांत्रिकदृष्ट्या अधिक सोपी झाली आहे, आणि व्यवहारात काढून घेतली गेली आहे.

सर्वांत बळकट आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो पूर्ण ऐकला पाहिजे. बंडी चुकली तर बांधावर चढते. मोटार चुकली तर दुसऱ्याचा जीव जातो. रस्त्यावरच्या त्या दुसऱ्याने आपली संमती दिलेली नाही. स्टेअरिंगच्या मधोमध एअरबॅग असते, तिच्यात लहानसा स्फोटक भार असतो. चुकीच्या जागी लावलेली मूठ अपघातात चेहऱ्यावर येऊ शकते, आणि एअरबॅगची तार नेणारी गुंडाळलेली फीत घरगुती खटपटीत तुटली तर एअरबॅग उघडणारच नाही. स्टेअरिंगचा कोन मोजणारा संवेदक ढळला तर गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा चुकीचा निर्णय घेईल. हे सगळे खरे आहे. म्हणून स्टेअरिंगच्या दांड्यावर किंवा मदतीच्या तक्त्यावर कुणी घरी बसून प्रयोग करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्या नव्या गाड्यांत स्टेअरिंगचे चाक आणि पुढची चाके यांच्यात धातूचा दुवाच नसतो, फक्त तारा असतात, तिथे तर मुळीच नाही. पण या आक्षेपातून सरसकट बंदी निघत नाही. आवरण, आकडा, दांडीची लांबी हे बदल गाडीच्या मेंदूला शिवत नाहीत. बटणाची जागा बदलणे हे जाणत्या तंत्रज्ञाचे काम आहे, प्रयोगशाळेचे नाही. गाडीच्या मुख्य बॅटरीच्या शेकडो व्होल्टची भीती इथे घातली जाते, पण आजच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगची मदत १२ व्होल्टवर चालते, आणि ती बंद पडली तरी धातूचा दुवा चाके वळवतो. फक्त स्टेअरिंग जड लागते. जुन्या गावातही सरसकट मोकळीक नव्हती. कासरा शेतकरी स्वतः बांधे, आखाला सुतारच हात लावी, आणि धाव चढवायला लोहाराबरोबर चार माणसे लागत. जोखीम वाढत जाई तसा हात बदलत जाई.

जगात ही वाटणी कायद्याने करता येते याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे कारखान्याने बसवलेली सुरक्षा-साधने निकामी करण्याची मनाई आहे. पण २००१ पासून अपंग चालकासाठी बदल करणाऱ्या कार्यशाळेला ठरावीक बाबतींत सूट आहे. तिने सरकारकडे आपली ओळख नोंदवायची, आणि कोणत्या तरतुदीला बाधा आली याची लेखी नोंद मालकाला द्यायची. कामाखाली नाव लिहिलेले असते. गावच्या लोहाराचे नाव लिहिलेले नव्हते, पण साऱ्या गावाला ठाऊक होते. आपल्याकडे नावाशिवायचे कौशल्य फार काळ टिकत नाही, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेल्या छोट्या जीपचे आनंद महिंद्रा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर कौतुक केले. पण ती नियमांत बसत नसल्याने कधी ना कधी रस्त्यावर अडवली जाईल हेही त्यांनी म्हटले, आणि पुढच्या महिन्यात बदल्यात नवी बोलेरो देऊन ती आपल्याकडे घेतली. गाडीचे भले झाले, बनवणाऱ्याचा मान राहिला. तिची तपासणी करून ती रस्त्यायोग्य कशी करता येईल हा प्रश्न मात्र विचारायला कुणी नव्हते. त्याउलट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात विजेच्या रिक्षावर काम सुरू केले, तेव्हा अशा रिक्षेला कायद्यात नावच नव्हते. ते मिळायला २०१५ ची दुरुस्ती लागली. काम आधी आणि नियम मागाहून, हा क्रम महाराष्ट्रानेच दाखवला आहे.

दुसरा आक्षेप संख्येचा. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात विजेची मोटार असलेले अपंग चालक असणार किती? आज थोडेच. पण विजेवर चालणारी तीनचाकी आता ओळखीची झाली आहे. १९७२ मध्ये कानपूरला स्थापन झालेल्या अलिम्को या सरकारी कंपनीच्या बॅटरीवरच्या तीनचाक्या शासनाच्या साहाय्य योजनेतून जिल्ह्याजिल्ह्यांत दिल्या जातात. पाव किलोवॅटपेक्षा कमी शक्तीचे आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचे विजेचे वाहन, ठरावीक अटींसह, नियमांच्या दृष्टीने मोटार वाहनच नाही. म्हणजे या लहान वाहनांवर कलम ५२ चा अडसरही नाही. हँडल उंच करणे, ॲक्सिलरेटरची मूठ उजवीकडून डावीकडे नेणे, ब्रेकची कांडी मनगटाने दाबता येईल अशी रुंद करणे, हे सगळे इथे आजच, कायदेशीरपणे, गावच्या वेल्डिंगच्या दुकानात करता येते. मोटारीसाठी लागणारे कौशल्य याच मोकळ्या मैदानावर तयार होऊ शकते. चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली, देसाईगंज इथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्या मुलांना हे शिकवले, तर पाच वर्षांत प्रत्येक तालुक्यात असा एक जाणता हात असेल.

बाकी राहते मंजुरी. बदललेल्या वाहनाच्या तपासणीचा विचार निघाला की बोट पुण्याच्या वाहन-तपासणी प्रयोगशाळेकडे दाखवले जाते. गडचिरोलीहून पुणे सुमारे ९०० किलोमीटर. गडचिरोली (एमएच ३३) आणि चंद्रपूर (एमएच ३४) इथल्या परिवहन कार्यालयांनी हातापुरते बदल जिल्ह्यातच तपासले तर त्यासाठी लागणारी सामग्री साधी आहे. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला किती जोर लागतो हे स्प्रिंगच्या काट्याने मोजता येते. आकड्यातून हात अचानक सोडवता येतो का, मूठ एअरबॅगच्या आवरणाबाहेर आहे का, चालक मोकळ्या मैदानावर आठच्या आकड्यात गाडी फिरवू शकतो का, आणि बदल करणाऱ्याचे नाव-पत्ता असलेला कागद सोबत आहे का, हे मोटार वाहन निरीक्षकाला अर्ध्या तासात पाहता येईल. मदतीचा तक्ता बदलायचा असेल तेव्हा कंपनीने नाही म्हणू नये, एवढी एक सक्ती केंद्राच्या नियमांत घालावी लागेल. ती जिल्ह्याच्या अखत्यारीत नाही. बाकीचे काम परवान्यांसाठी तालुक्याच्या गावी भरणाऱ्या परिवहन कार्यालयाच्या शिबिरातच होऊ शकते, म्हणजे सिरोंच्याच्या माणसाला ते करून घ्यायला गडचिरोलीलाही यावे लागणार नाही.